रिंगणातील लढाई आणि रानातील लढाई : ऐतिहासिक महानाट्यांतील युद्धदर्शनाची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी रंगभूमीवर ऐतिहासिक नाटकाची परंपरा दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहे. वि. ज. कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) या नाटकापासून ती सुरू होते असे सामान्यतः मानले जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या परंपरेला एक वेगळी शाखा फुटली. नाट्यगृहाचा बंदिस्त अवकाश सोडून ती मोकळ्या मैदानावर आली. प्रवेश-अंकांची जागा दृश्यमालिकांनी घेतली, पात्रांची संख्या शेकड्यांत गेली आणि हत्ती, घोडे, उंट हे प्रयोगाचे घटक बनले. या प्रकाराला ‘महानाट्य’ हे नाव रूढ झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यात बाबासाहेब पुरंदरे (१९२२–२०२१) यांनी लिहून दिग्दर्शित केलेले ‘जाणता राजा’ हा त्याचा आद्य आणि सर्वाधिक प्रभावी नमुना होय. त्याच्या यशातून पुढे अनेक महानाट्ये निर्माण झाली. अमोल कोल्हे यांची प्रमुख भूमिका असलेले ‘शिवपुत्र संभाजी’ हे त्यांतील अलीकडचे ठळक उदाहरण आहे. शिवराज्याभिषेकाच्या ३५० व्या वर्षाच्या निमित्ताने २०२३–२४ मध्ये शासकीय पुढाकारानेही जिल्ह्याजिल्ह्यांतून महानाट्यांचे प्रयोग झाले.

या प्रकाराची समीक्षा आजवर दोनच अंगांनी झालेली दिसते. एका बाजूला भारावलेल्या स्वागताची वृत्तांतवजा लेखने आहेत. दुसऱ्या बाजूला शिवचरित्राच्या अन्वयार्थावरून झालेले वाद आहेत. पुरंदरे यांना २०१५ मध्ये ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार जाहीर झाला तेव्हा हे वाद तीव्र झाले होते. या दोहोंत प्रयोगाच्या रूपाकडे, विशेषतः त्यातील लढायांच्या मांडणीकडे, फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः प्रेक्षकाच्या स्मरणात सर्वाधिक काळ टिकतो तो हाच भाग. प्रस्तुत लेखाची मर्यादा त्यामुळे एका प्रश्नापुरती ठेवली आहे : मैदानावर शेकडो कलावंतांकरवी लढाई ‘पुन्हा घडवली’ जाते, तेव्हा सतराव्या शतकातील युद्धाचे कोणते अंग प्रेक्षकापर्यंत पोहोचते आणि कोणते पोहोचत नाही?

महानाट्याचे श्रेय

दोष दाखवण्यापूर्वी श्रेय नोंदवणे आवश्यक आहे. ‘जाणता राजा’ हे केवळ लढायांचे प्रदर्शन नाही. शिवपूर्वकाळापासून राज्याभिषेकापर्यंतचा पट त्यात आहे आणि गोंधळ, भजन यांसारखे लोकाविष्कार त्याच्या रचनेतच गुंफलेले आहेत. ग्रंथालयात कधी पाऊल न ठेवलेल्या, नाट्यगृहाचे तिकीट न परवडणाऱ्या प्रेक्षकाला इतिहासाशी जोडण्याचे काम त्याने केले. गावोगावच्या हौशी कलावंतांना समूहदृश्यांत सामावून घेण्याची महानाट्यांची पद्धत हीही सांस्कृतिकदृष्ट्या महत्त्वाची बाब आहे. एखाद्या कापडगिरणीतील निवृत्त कामगाराचा मुलगा किंवा महाविद्यालयातील एन.सी.सी.चा विद्यार्थी आठवडाभर मावळ्याच्या वेशात वावरतो, तेव्हा इतिहासाशी त्याचे नाते बदलते. हा अनुभव क्षुल्लक नाही. म्हणूनच त्या अनुभवातून त्याला नेमके काय कळते, हा प्रश्न अधिक गंभीरपणे विचारला पाहिजे.

रूप आणि आशय यांतील विसंवाद

महानाट्याचा प्राण भव्यता हा आहे. उंच नेपथ्य, दिव्यांचा झगमगाट, ध्वनिवर्धकांवरून घुमणारा निवेदकाचा आवाज, धावत येणारे घोडेस्वार आणि आतषबाजी यांच्या एकत्रित परिणामावर त्याची उभारणी असते. परंतु ज्या युद्धपद्धतीचा गौरव करण्यासाठी हे सारे योजले जाते, तिचे मर्म भव्यता टाळण्यात होते. गनिमी कावा म्हणजे शत्रूला आपले संख्याबळ दिसू न देणे, त्याला सोयीची जागा आणि वेळ न देणे आणि शक्यतो उघड्या मैदानावर न येणे.

शिवकालातील प्रसिद्ध प्रसंग या दृष्टीने तपासून पाहता येतील. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले, त्याची तयारी जावळीच्या दाट रानात लपून बसलेल्या तुकड्यांनी केली होती. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज अरुंद वाटेवर कोंडली गेली. पुढची व मागची वाट बंद झाली, पाणी मिळेना आणि अखेर खंडणी देऊन त्याला सुटका करून घ्यावी लागली. ५ एप्रिल १६६३ रोजी पुण्यातील लाल महालावरचा छापा रात्रीच्या अंधारात, मोजक्या माणसांनी घातला. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे झालेले प्रयाण पावसात आणि काळोखात झाले. ते कोणाला दिसू नये हाच त्याचा हेतू होता. सिंहगडही १६७० च्या फेब्रुवारीत रात्रीच घेतला गेला.

हे सारे प्रसंग महानाट्यांचे आवडते प्रसंग आहेत. मात्र रिंगणात येताच त्यांचे स्वरूप उलटते. जे अंधारात घडले ते प्रखर प्रकाशझोतात घडते. जे निःशब्द होते त्याला रणवाद्यांची साथ मिळते. मोजक्या माणसांच्या जागी, मैदान मोठे असल्यामुळे ते भरण्यापुरती माणसे आणावी लागतात. लाल महालाच्या छाप्यात प्रेक्षकाला सर्व काही दिसते, पण ते ज्याच्यामुळे यशस्वी झाले तो अंधार तेवढा दिसत नाही. हत्ती, उंट, डेरे, निशाणे, नौबती यांचा डौल हा मोगल आणि आदिलशाही छावणीचा डौल होता. मावळातील शिबंदीची ओळख त्याच्या अगदी विरुद्ध होती. म्हणजेच महानाट्य गौरव करते ते शिवाजी महाराजांच्या युद्धनीतीचा आणि त्यासाठी दृश्यभाषा वापरते ती त्यांच्या प्रतिपक्षाची. हा विसंवाद एखाद्या दिग्दर्शकाच्या चुकीतून आलेला नाही. मैदानी भव्यतेची निवड केली की तो अटळ ठरतो.

यावर एक आक्षेप संभवतो. साल्हेरसारखी १६७२ मधील लढाई मोकळ्या मैदानावर, मोठ्या फौजांत झाली होती. राज्याभिषेकाचा सोहळा तर भव्य होताच. हे खरे आहे आणि राज्याभिषेकाच्या दृश्यात महानाट्याचे रूप व आशय एकमेकांशी जुळतात, म्हणूनच ते दृश्य सर्वाधिक यशस्वी होते. तथापि साल्हेर हा अपवाद होता. सर्वच लढायांना साल्हेरचा साचा लावल्यास नियम आणि अपवाद यांतील फरक पुसला जातो.

पाणी, वैरण आणि वाट पाहणे

विसंवादाचे दुसरे कारण प्रसंगांच्या निवडीत आहे. या संदर्भात उमराणी आणि नेसरी या दोन प्रसंगांची तुलना उद्बोधक ठरते. उमराणी हे गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात, सोलापूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या अवर्षणप्रवण पट्ट्यात आहे. एप्रिल १६७३ मध्ये सरनौबत प्रतापराव गुजर यांनी तेथे आदिलशाही सरदार बहलोलखान याची फौज गाठली. त्यांनी पहिले काम केले ते पाणवठा ताब्यात घेण्याचे. चैत्र-वैशाखातील उन्हात माणसे आणि जनावरे तहानेने व्याकूळ झाली आणि खान शरण आला. प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले. तोच खान पुन्हा चालून आल्याने महाराजांनी प्रतापरावांना कठोर शब्दांत दोष दिला आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले व मारले गेले.

या दोन्ही प्रसंगांतील सेनापती एक, शत्रू एक. पहिल्यात त्याने विचाराने विजय मिळवला. दुसऱ्यात भावनेच्या भरात प्राण दिला. मराठी कविमनाने, चित्रपटांनी आणि मैदानी प्रयोगांनी नेसरी जपली. उमराणी मात्र संशोधनपर ग्रंथांत राहिली. याचे कारण सरळ आहे. सात घोडेस्वारांची दौड रिंगणातून नेता येते, पण पाणवठ्यावरचा पहारा आणि दुपारभर वाढत जाणारी तहान दाखवायला रिंगणात जागा नाही. ज्या जिल्ह्यांत आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील प्रेक्षकाला उमराणीचा डाव क्षणात समजला असता. त्यासाठी त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

युद्ध म्हणजे प्रामुख्याने पुरवठ्याची व्यवस्था, ही जाणीव शिवकालीन कागदपत्रांत ठायीठायी आढळते. १६७० च्या दशकातील, चिपळूण भागातील छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले महाराजांचे पत्र अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. त्यात तलवारीचा विषय नाही. आहे तो वैरणीचा आणि दाण्याचा. पावसाळा संपेपर्यंत साठा पुरवून वापरला नाही तर घोडी उपाशी मरतील, मग लोक रयतेचे धान्य, भाजी, लाकूडफाटा उचलू लागतील आणि रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे, अशी त्याची तर्कसरणी आहे. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल, इतक्या बारीक धोक्याचाही त्यात विचार केलेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त किल्ल्याची जागा निवडताना आधी पाण्याची खात्री करून घेण्याची सूचना आहे. सभासदाच्या बखरीतही गडावरील हवालदार, सबनीस, सरनौबत यांच्या नेमणुकांची तपशीलवार नोंद आहे. ‘जाणता’ या विशेषणाचा खरा अर्थ याच साधनांतून उलगडतो. त्या विशेषणाचे नाव धारण करणाऱ्या प्रयोगात आणि त्याच्या अनुकरणांत मात्र या जाणतेपणाला निवेदनातील एखाद-दुसऱ्या वाक्यापलीकडे स्थान मिळणे कठीण जाते.

सोलापूर परिसराचा इतिहास हे अधिकच स्पष्ट करतो. औरंगजेबाने १६९५ ते १६९९ या काळात मंगळवेढा तालुक्यातील भीमाकाठच्या ब्रह्मपुरी येथे मुख्य तळ ठोकला होता. जवळच माचणूरचा किल्ला आणि सिद्धेश्वराचे मंदिर आजही आहे. सुमारे चार वर्षे साम्राज्याचा कारभार या काठावरून चालला. शाहू महाराजही या काळात बादशाही छावणीत कैदेतच होते. ऑक्टोबर १६९९ मध्ये बादशहा किल्ले जिंकण्यास निघाला. एप्रिल १७०० मध्ये साताऱ्याच्या वेढ्यात मोगलांनीच पेरलेल्या सुरुंगाचा बुरूज त्यांच्याच सैन्यावर कोसळला आणि शेकडो माणसे गाडली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी सांगोला तालुक्यातील खवासपूर येथे माण नदीला रात्री अकस्मात पूर आला. छावणी वाहून गेली आणि धावपळीत पडून बादशहाच्या गुडघ्याला झालेली दुखापत जन्मभराचे अधूपण देऊन गेली. विशाळगड १७०२ मध्ये मोगलांना मिळाला तो मोठी रक्कम मोजून. त्यानंतर पावसातून परतताना त्यांच्या सैन्याचे जे हाल झाले, त्यांची वर्णने समकालीन लेखनात आहेत. १७०२ ते १७०४ या काळात दख्खनेत दुष्काळ आणि साथीने हाहाकार उडाला.

हिंदुस्थानच्या बादशहाला माणच्या पुरात पळावे लागले, ही घटना कोणत्याही नाटककाराला हवीशी वाटावी अशी आहे. परंतु त्यात कोणी मावळा तलवार चालवत नाही, म्हणून तिचे मैदानी नाट्य होत नाही. पंचवीस वर्षांच्या त्या संघर्षात दीर्घ काळ चालले ते वाट पाहणे, रसद तोडणे, तह करणे आणि तो मोडणे. सैन्यामागून बैलांच्या पाठीवर धान्य वाहून नेणारे बंजारा तांडे, छावणीच्या बाजारातील वाणी, घोड्यांना नाल ठोकणारे लोहार आणि कूच करणाऱ्या फौजेच्या वाटेवर येणारी शेती यांच्याशिवाय ते युद्ध झालेच नसते. या सर्वांचे वंशज आज सोलापूर जिल्ह्यात राहतात, प्रेक्षक म्हणून मैदानावर बसतात आणि आपले पूर्वज समोरच्या दृश्यात कोठेच नाहीत हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

ठरलेला निकाल

तिसरी मर्यादा प्रयोगतंत्राची आहे. मैदानाचा विस्तार मोठा असल्याने महानाट्यांत संवाद व निवेदन बहुधा आधी ध्वनिमुद्रित केलेले असते आणि कलावंत त्या ध्वनिफितीबरहुकूम हालचाली करतात. व्यवहारतः ही सोय अपरिहार्य आहे. परंतु तिचा परिणाम असा होतो की कोणताही क्षण अनिश्चित उरत नाही. शत्रू केव्हा पडणार, घोडा कोठे वळणार, जयघोष कोणत्या सेकंदाला होणार हे यंत्राने ठरवलेले असते.

येथे आर. जी. कॉलिंगवुड यांच्या इतिहासविचाराचे स्मरण होते. ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ (१९४६) या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी घटनेची बाह्य बाजू आणि आंतर बाजू असा भेद केला आहे. शरीरांच्या हालचाली ही बाह्य बाजू. त्यामागील विचार ही आंतर बाजू. इतिहासकार भूतकाळ पुन्हा घडवतो तो आपल्या मनात, त्या माणसाच्या विचाराचा माग काढून, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘पुन्हा घडवणे’ हाच शब्द महानाट्याचे संयोजकही वापरतात, पण त्यांच्या लेखी ते शरीरांच्या हालचालींपुरते सीमित असते. पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकलेल्या राजासमोर कोणते पर्याय होते, प्रत्येकात कोणता धोका होता, कोणती बातमी खरी आणि कोणती फसवी हे ठरवायला त्याच्यापाशी काय साधन होते, हे प्रश्न विचारले तरच त्या निर्णयाचे मोल कळते. निकाल आधीच ठाऊक असलेल्या आणि तो ध्वनिफितीवर कोरलेल्या लढाईत धैर्य दाखवता येते, परंतु निर्णय दाखवता येत नाही. धोका नसलेल्या ठिकाणी धैर्याचेही केवळ नेपथ्य उरते.

हा अनुभव महाराष्ट्रापुरता मर्यादित नाही. वॉटर्लूच्या लढाईच्या द्विशताब्दीनिमित्त जून २०१५ मध्ये बेल्जियममध्ये झालेल्या प्रयोगात सुमारे पाच हजार हौशी सैनिक आणि तीनशे घोडे होते. मूळ लढाईत तिन्ही बाजू मिळून जवळपास दोन लाख माणसे होती. जगातील सर्वांत मोठ्या प्रयोगांपैकी एक असूनही तो मूळ संख्येच्या चाळिसाव्या भागाइतकाच ठरतो. संख्येच्या जोरावर वास्तव गाठण्याचा प्रयत्न जितका मोठा, तितके अंतर अधिक जाणवते.

दुसरे उदाहरण अधिक सावध करणारे आहे. नोव्हेंबर १९२० मध्ये पेट्रोग्राड येथे निकोलाय येव्रेइनोव्ह यांच्या दिग्दर्शनाखाली १९१७ च्या ‘विंटर पॅलेस’वरील हल्ल्याचा प्रयोग हजारो कलावंतांनी आणि सुमारे एक लाख प्रेक्षकांसमोर केला. प्रत्यक्ष १९१७ मधील घटना त्या मानाने किरकोळ चकमकीच्या स्वरूपाची होती. पण पुढे या प्रयोगाचे छायाचित्र मूळ घटनेचे म्हणून छापले जाऊ लागले. प्रयोगाने इतिहासाची जागा घेतली. आपल्याकडेही वर्गात येणारा विद्यार्थी मनात दृश्यांचा एक संच घेऊनच येतो, आणि त्या दृश्यांशी न जुळणारे कागदपत्र त्याला निष्प्रभ किंवा संशयास्पद वाटू लागतात. अध्यापकाच्या दृष्टीने खरी अडचण येथे आहे.

दोन रंगांच्या फौजा

चौथा मुद्दा दृश्यसंकेतांचा आहे. दूरवरच्या प्रेक्षकाला दोन बाजू ओळखता याव्यात म्हणून मैदानी लढाईत वेशांचे दोन ठळक रंग लागतात. एका बाजूला भगवे, दुसऱ्या बाजूला हिरवे. ही सोय म्हणून सुरू झालेली योजना हळूहळू विधान बनते. वास्तविक विशाळगडाच्या पायथ्याशी महाराजांची वाट अडवून बसलेले सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी हे मराठेच होते. अफजलखानाच्या फौजेत मराठा सरदार होते आणि प्रतापगडावरील महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिमचे नाव परंपरेने घेतले जाते. सोलापूरचा भुईकोट किल्ला तर या गुंतागुंतीचा साक्षीदारच आहे. बुऱ्हाण निजामशहाशी आदिलशाही राजकन्येचा १५२३ मध्ये विवाह झाला, तेव्हा हुंड्यात कबूल झालेल्या या किल्ल्यावरून विजापूर आणि अहमदनगर यांच्यात पुढे दीर्घकाळ लढाया झाल्या. चांदबिबीच्या विवाहाने तो पुन्हा आदिलशाहीकडे आला. म्हणजे दोन मुसलमान सत्ता एका किल्ल्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या लढत होत्या आणि दोन्हींच्या सेवेत मराठा घराणी होती. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने हाच किल्ला घेतला, तेव्हा त्याचे रक्षण करणारे दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य होते आणि घेणारी होती कंपनीची फौज, जिच्यात देशी शिपायांचा मोठा भरणा होता. अशा इतिहासाला दोन रंग अपुरे पडतात. तो सोपा केल्याने आजच्या सामाजिक संबंधांवर जो परिणाम होतो, त्याची जबाबदारी केवळ वेशभूषाकारावर टाकून मोकळे होता येणार नाही.

परंपरेने सुचवलेले अन्य मार्ग

मग रंगभूमीने युद्धाला हातच लावू नये काय? भरताच्या नाट्यशास्त्रात युद्ध, राज्यभ्रंश, मृत्यू आणि नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकाद्वारे सूचित कराव्यात असे सांगितले आहे. हा निषेध केवळ अभिरुचीचा नाही. जे दाखवताना अपरिहार्यपणे खोटे पडते ते सांगून खरे करावे, अशी रंगभूमीच्या मर्यादांची जाण त्यामागे दिसते.

मराठीने हेच ‘सांगणे’ पोवाड्याच्या रूपाने विकसित केले. अफजलखानवधावरील अज्ञानदासाचा आणि सिंहगडावरील तुळशीदासाचा पोवाडा ही त्याची आरंभीची उदाहरणे आहेत. डफ, तुणतुणे आणि एका शाहिराचा कंठ एवढ्या सामग्रीवर श्रोत्याच्या मनात लढाई उभी राहते. शाहीर एका दमात राजाच्या मनातील चिंता सांगतो, दुसऱ्या दमात शत्रूच्या डेऱ्यातील मसलत सांगतो. मध्येच थांबून श्रोत्यांना प्रश्न करतो. निर्णयाची घालमेल दाखवण्याची सोय या रूपातच आहे. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवचरित्रासाठी पोवाडाच निवडला, तो याच सामर्थ्यामुळे असे म्हणता येईल. सोलापूर जिल्ह्याला तर शाहिरीचा मोठा वारसा आहे. राम जोशी (१७६२–१८१२) हे सोलापूरचे आणि शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) हे बार्शीचे.

नाटकाच्या क्षेत्रात वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या नाटकाने रणांगण पूर्णतः वगळून पिता-पुत्रांतील संघर्षावर लक्ष केंद्रित केले. राजकुमार तांगडे लिखित आणि नंदू माधव दिग्दर्शित ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२) या नाटकाने मोजक्या साधनांत शिवचरित्राच्या आजच्या वापरालाच प्रश्न विचारले. कादंबरीत विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ने (१९८८) १४ जानेवारी १७६१ च्या आधीच्या उपासमारीला वाव दिला.

मोठ्या संख्येने लढाई पुन्हा उभी करूनही विचार जागा ठेवता येतो, याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. जून १९८४ मध्ये ऑरग्रीव्ह येथे संपकरी खाणकामगार आणि पोलीस यांच्यात झालेला संघर्ष जेरेमी डेलर या कलावंताने २००१ मध्ये त्याच ठिकाणी पुन्हा उभा केला. त्यात सुमारे आठशे हौशी कलावंतांबरोबर पूर्वीचे दोनशे खाणकामगारही सहभागी झाले. तेथे विजयाचा जयघोष नव्हता. ज्यांनी तो दिवस भोगला होता त्यांच्या स्मृतीला वाट करून देणे आणि अधिकृत वृत्तान्ताला प्रश्न विचारणे हा त्याचा उद्देश होता. म्हणजे दोष केवळ आकाराचा नसून प्रयोग कोणता प्रश्न घेऊन उभा राहतो यावर पुष्कळ अवलंबून आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, महानाट्यातील युद्धदर्शनाची उणीव तपशिलातील चुकांपेक्षा खोल आहे. पगडीचा आकार अचूक केला, तलवारीची मूठ संग्रहालयातील नमुन्याबरहुकूम बनवली, तरी ती दूर होणार नाही. प्रकाशात अंधार दाखवता येत नाही, गर्दीत मोजकेपणा दाखवता येत नाही आणि ध्वनिफितीवर निर्णय दाखवता येत नाही. आणि गनिमी काव्याचे युद्ध अंधार, मोजकेपणा व निर्णय यांवरच उभे होते. याचा अर्थ महानाट्ये बंद व्हावीत असा नाही. सोहळा म्हणून त्यांचे स्थान आहे आणि राहील. मात्र त्यांना इतिहासशिक्षणाचे साधन म्हणून, शासकीय निधीतून, विद्यार्थ्यांसमोर ठेवले जाते तेव्हा त्यांच्या मर्यादा सांगण्याचे दायित्व अध्यापकांवर येते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांतील अकरा महाराष्ट्रातील आणि एक तामिळनाडूतील जिंजी. हे किल्ले ‘लष्करी भूप्रदेश’ म्हणून नोंदवले गेले, ही बाब येथे विशेष अर्थपूर्ण आहे. डोंगर, खिंड, जंगल, पाणी आणि समुद्र यांचा युद्धासाठी केलेला विचार हाच वारसा म्हणून मान्य झाला. दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड हे अंतर पायी चालणारे तरुण हा विचार काही अंशी अनुभवतात. ओल्या वाटेवर पाय घसरला, धुक्यात पुढचा माणूस दिसेनासा झाला की १६६० च्या त्या रात्रीविषयी त्यांना जे कळते, ते प्रेक्षागारातील खुर्चीवर बसून कळणारे नाही.

सोलापूरच्या महाविद्यालयांना यासाठी दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. सोलापूर–मंगळवेढा मार्गावर माचणूर आहे, शहरातच भुईकोट किल्ला आहे, माण नदीकाठी खवासपूर आहे. इतिहास, मराठी आणि भूगोल या तीन विभागांनी मिळून विद्यार्थ्यांना एप्रिलच्या एखाद्या दुपारी भीमेच्या पात्राकाठी न्यावे आणि एकच प्रश्न द्यावा : लाखभर माणसे आणि जनावरे येथे चार वर्षे जगवायची तर पाणी, धान्य आणि वैरण कोठून आणाल? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्यांना नकाशा, पर्जन्यमान, जुनी पत्रे आणि गावातील वृद्धांची स्मृती या सर्वांकडे वळावे लागेल. त्यानंतर तेच विद्यार्थी मैदानावरचे महानाट्य पाहायला गेले, तर टाळ्या वाजवतानाही रिंगणातल्या घोड्यांच्या वैरणीचा हिशेब त्यांच्या मनात येईल.